वेदनाशामकांचे पुरावे आणि आपले माप

वेदनाशामक औषधांचा विषय निघाला की आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकीत एक ठरलेले विधान हमखास ऐकू येते : ॲलोपॅथीच्या गोळ्या दुखणे दडपतात व मूत्रपिंड बिघडवतात, आपली औषधे मुळाशी जातात व अपाय करीत नाहीत. या विधानाच्या पूर्वार्धासाठी आपण उत्साहाने पुरावे देतो. उत्तरार्धाचा पुरावा मागणाऱ्याकडे मात्र परक्यासारखे पाहिले जाते.

पूर्वार्धाचे पुरावे खोटे नाहीत. जठरास कमी त्रास देणारे म्हणून गाजलेल्या रोफेकॉक्सिबचे सुमारे ८,००० संधिवाताच्या रुग्णांवरील परीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले. जठराचे उपद्रव खरोखरच घटले होते, परंतु नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा या गटात हृदयविकाराचे झटके अधिक आढळले. नॅप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करीत असावे, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे निष्क्रिय गोळीशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या परीक्षणात तोच धोका दिसला आणि २००४ साली औषध बाजारातून मागे घ्यावे लागले. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांचे प्रकरण तर अधिक लाजिरवाणे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनावरील त्यांच्या २१ शोधनिबंधांतील माहिती बनावट असल्याचे २००९ साली उघड झाले.

ही उदाहरणे आपण आवडीने सांगतो. सांगताना एक गोष्ट मात्र गाळतो : हे दोष त्यांचे त्यांनीच हुडकले. रोफेकॉक्सिबचा धोका परीक्षणातच उघडा पडला. रूबेन यांचे बिंग त्यांच्याच रुग्णालयाच्या तपासणीतून फुटले. आपल्याकडे असे एखादे बिंग फुटावे, इतकी तरी नोंद आपण ठेवतो काय?

२०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले ऑस्ट्रेलियातील एक परीक्षण आम्हांस या दृष्टीने फार बोधप्रद वाटते. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीच्या सुमारे १,६५० रुग्णांना पॅरासिटामॉल किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरे होण्यास मध्यमानाने १७ दिवस लागले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांना १६. पॅरासिटामॉल हरले, म्हणून आनंद मानण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कंबरदुखीचा रुग्ण आमच्याकडे येतो, योगराज गुग्गुळ व स्नेहन-स्वेदनाने अडीच आठवड्यांत चालता होतो आणि आम्ही त्यास औषधाचा गुण म्हणतो. तो गुण औषधाचा की त्या सतरा दिवसांचा? आमच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या केसपेपरांवरून याचे उत्तर देता येत नाही, हे आम्ही संकोचाने कबूल करतो.

मोजमाप केल्याने आयुर्वेद उणा ठरतो, ही भीतीही निराधार आहे. पुण्यातील संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या संधिवातावर ४४० रुग्णांचे, चोवीस आठवड्यांचे परीक्षण झाले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. शुंठी-गुळवेलीवर आधारलेले कल्प सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइन यांच्या तोडीचे ठरले. हा निष्कर्ष आपल्या भाषणांत वारंवार येतो. त्याच परीक्षणात सात रुग्णांच्या यकृताच्या एसजीपीटी तपासणीत वाढ आढळली, त्यांचे औषध थांबवले गेले व ती वाढ ओसरली, हा भाग मात्र आम्ही एकाही व्यासपीठावरून ऐकलेला नाही. वस्तुतः संशोधकांनी तो लपवला नाही, म्हणूनच पहिल्या भागावर विश्वास ठेवावासा वाटतो. चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही परीक्षेचे स्थान आहे. आपण मात्र पहिल्यावरच थांबतो.

औषधविक्रेत्या बंधूंशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. मागील वर्षी एक वृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. चेहरा सुजलेला, रक्तातील साखर वाढलेली. वर्षभर त्या दुकानातून 'वाताच्या पुड्या' आणत होत्या. पुड्यांवर ना घटकद्रव्ये, ना उत्पादकाचे नाव, ना परवाना क्रमांक. 'एका पुडीत सांधे मोकळे होतात, वैद्यबुवा,' असे त्या कौतुकाने सांगत होत्या. एका पुडीत सांधे मोकळे करणारी वनस्पती आम्हांस ठाऊक नाही. स्टेरॉइड मात्र ते करते. एकदम बंद करणे धोक्याचे असल्याने त्यांना फिजिशियनकडे पाठवून मात्रा उतरवावी लागली.

ज्या चूर्णाचे लेबल कोरे आहे, ते दुकानात ठेवू नये व मिळाल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे, असा ठराव संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहोत. चिकित्सक बंधूंनी वेदनेच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात : पहिल्या दिवशीची वेदना शून्य ते दहा या मापात, आठवड्यानंतरची वेदना, सोबत चालू असलेली डायक्लोफिनॅकसारखी इतर गोळी आणि झालेला त्रास. तिसरी नोंद विशेष आग्रहाने करावी; कित्येकदा आमच्या काढ्याचे यश रुग्णाच्या खिशातील पट्टीत दडलेले असते.