शब्द समजून घेऊ : हंटिंग

रविवारी सकाळी आम्ही वस्तीतल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. गेल्या खेपेस एकाने विचारले, "सर, जॉब हंटिंग म्हणजे नोकरीची शिकार का?" सगळे हसले. पोराचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

'हंट' म्हणजे शिकार करणे हे खरेच. पण पुढे 'फॉर' आला की अर्थ बदलतो. 'हंटिंग अ टायगर' ही वाघाची शिकार. 'हंटिंग फॉर अ रूम' म्हणजे भाड्याच्या खोलीसाठी वणवण. जॉब हंटिंग, हाऊस हंटिंग हे शब्द याच दुसऱ्या अर्थाचे. हरवलेली किल्ली घरभर धुंडाळली तरी इंग्रज 'हंट'च म्हणतो. 'हेड हंटिंग' म्हणजे दुसऱ्या कंपनीतला अनुभवी माणूस हेरून आपल्याकडे ओढणे. (ते भाग्य मोठ्या साहेबांचे. आपली पोरे अजून जॉब हंटिंगमध्येच आहेत.)

शिकारीच्या अर्थातही देशोदेशी फरक आहे. अमेरिकेत बंदूक घेऊन हरणामागे गेले तरी ते हंटिंग. इंग्लंडात हंटिंग म्हटले की घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा सोडून केलेला कोल्ह्याचा पाठलाग. बंदुकीने पक्षी टिपणे ते 'शूटिंग'. कुत्र्यांकरवी होणाऱ्या त्या शिकारीवर तिथे २००४ साली कायदा होऊन २००५ पासून बंदी आली.

आणि गरिबाने पोटासाठी जमीनदाराच्या रानातला ससा धरला तर? त्याला शब्द 'पोचिंग', म्हणजे चोरटी शिकार! १६७१ च्या कायद्याने ससे, तितर मारण्याचा हक्क सरदार-जमीनदारांपुरता ठेवला होता. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. लहान शेतकऱ्याचे पीक सशाने खाल्ले तरी त्याला तो मारता येत नसे. ही अट १८३१ पर्यंत टिकली. ससा तोच, पण मारणाऱ्याची ऐपत पाहून शब्द ठरे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'हंटिंग'ची व्याख्या बरीच लांब आहे. मारणे तर आलेच. पकडणे, फास लावणे, विष घालणे, तसा नुसता प्रयत्न करणेही आले. रानपक्ष्याचे घरटे वा अंडी विस्कटली तरी त्या व्याख्येत ते हंटिंग! सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांना पालकांनी एवढे सांगून ठेवावे.

पुढील अंकी 'व्हेकन्सी' हा शब्द पाहू.