बॅच नंबर नसलेली पुडी

पोस्ट मोठी आहे. शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण शेवटपर्यंत वाचून घाला.

तीनेक वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता एका जुन्या मित्राचा फोन आला. मुलगा आयसीयूत. वय एकवीस. मित्रांच्या फ्लॅटवर पार्टी होती, तिथे ‘एमडी’ म्हणून कुणीतरी पांढरी पावडर आणली होती. अंगात १०५ ताप, नाडी वेडीवाकडी, मधूनच झटके. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला, “नक्की काय घेतलंय?” उत्तर कुणाकडे नव्हतं. उरलेली पावडर पोरांनी घाबरून संडासात टाकून पाणी ओढलं होतं. पोलिसांची भीती. त्यांच्या जागी मी एकवीस वर्षांचा असतो तर मीही तेच केलं असतं.

पोरगा वाचला. पण कॉलेज सुटलं ते सुटलंच.

मी पंचवीस वर्षं औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. साधी तापाची गोळी घ्या. तिच्या पट्टीवर बॅच नंबर असतो, कधी बनली, कधी संपणार ते असतं, आत किती मिलिग्रॅम आहे ते असतं. शंभरातल्या दोन गोळ्या वजनाला कमी भरल्या तरी आम्ही अख्खा लॉट अडवून ठेवायचो, मग मार्केटिंगवाले कितीही बोंबलू देत. आणि आपल्याच शहरातली पोरं नाकातून जे ओढतायत त्यात काय आहे आणि किती आहे, हे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

एमडी कुठून येतं हे आता नाशिककरांना सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या शिंदे गावात येऊन कारखाना उघडा पाडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत धाड टाकली, तिथे शेकडो किलो माल निघाला. एमआयडीसी, रिअ‍ॅक्टर, केमिस्ट, सगळं आमच्याच धंद्यातलं. फक्त क्यूसी नाही.

पण या एमडीची जन्मकथा फार जणांना माहीत नसते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. १९२९ साली हा रेणू पहिल्यांदा बनला आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षं कागदातच पडून राहिला. २००० नंतर कुणीतरी तो उकरून काढला, का, तर एक्स्टसी आणि कोकेन बेकायदा होते आणि हा नव्हता. इंग्लंडमध्ये ‘झाडांचं खत’ म्हणून, पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असं छापून, राजरोस विकला गेला. एप्रिल २०१० मध्ये तिथे बंदी आली. आपल्याकडे तो एनडीपीएस कायद्याच्या यादीत आला फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर मुंबईत ‘म्याऊ म्याऊ’ नावाने तो गल्लोगल्ली पोचला होता आणि पोलिसांकडे लावायला कलम नव्हतं.

म्हणजे बघा, आज आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो ते एमडी हाच एकेकाळचा ‘कायदेशीर पर्याय’ होता. त्यामुळे कुणी ‘ड्रग्जला सुरक्षित कायदेशीर पर्याय काढा’ म्हटलं की लोक दचकतात, त्यांचं चूक नाही. मीही दचकायचो. पण ‘पर्याय’ आणि ‘तपासलेला पर्याय’ यांत फरक आहे, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

हा फरक कायद्यात आणायचा प्रयत्न एका देशाने केलाय. न्यूझीलंड. तिथे मेथचा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पी’चा, मोठा त्रास. २००० च्या सुमारास मॅट बोडेन नावाच्या माणसाने बीझेडपी नावाच्या रसायनाच्या ‘पार्टी पिल्स’ बाजारात आणल्या. म्हणणं असं की मेथपेक्षा हे बरं. सरकारने २००५ मध्ये त्यासाठी वेगळा वर्ग केला, अठरा वर्षांखाली विक्री बंद केली. पण गोळ्या वाढत गेल्या, त्रास झालेले रुग्ण दवाखान्यात यायला लागले, आणि एप्रिल २००८ पासून बंदी आली. मग त्यांची जागा सिंथेटिक कॅनाबिसने घेतली. गांजासारखी दिसणारी सुकी पानं, त्यावर प्रयोगशाळेतलं रसायन फवारलेलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळायचं. एकावर बंदी घातली की आठवड्यात रेणूचं शेपूट बदलून दुसरं हजर. ज्यांनी केमिस्ट्री केलीय त्यांना माहीत आहे, हे किती सोपं असतं.

शेवटी त्यांनी डाव उलटा केला. जुलै २०१३ मध्ये ‘सायकोअ‍ॅक्टिव्ह सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’ संसदेत पास झाला, ११९ विरुद्ध १ मतांनी. कायदा म्हणतो, नवीन नशेचा पदार्थ मुळातच बेकायदा. ज्याला विकायचाय त्याने स्वतःच्या खर्चाने चाचण्या करून ‘धोका कमी आहे’ हे सिद्ध करायचं, मगच परवाना. धोकादायक आहे हे सरकारने सिद्ध करत बसायचं नाही. अठराच्या आतल्याला विक्री नाही, किराणा दुकानात नाही, पेट्रोल पंपावर नाही, दारूच्या दुकानात नाही, जाहिरात नाही.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. आमच्याच धंद्याचा नियम तो. औषध सुरक्षित आहे हे कंपनीने दाखवायचं, पेशंटने मरून दाखवायचं नाही.

मग गाडी कुठे अडली? चाचण्यांचे नियम तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर आधीपासून बाजारात असलेल्या काही मालाला त्यांनी हंगामी परवानगी दिली. इथेच माती खाल्ली. आमच्या भाषेत सांगायचं तर रिपोर्ट यायच्या आधी माल गेटबाहेर सोडला. हजारो दुकानांवरून विक्री दीडशेच्या आसपास दुकानांवर आली हे खरं, पण त्या मोजक्या दुकानांपुढे रांगा लागल्या, टीव्हीवर रांगा दिसल्या, आईबाप चिडले. त्यात पदार्थांची चाचणी कुत्र्यांवर होणार म्हणून प्राणीमित्र रस्त्यावर आले. निवडणूक जवळ होती. मे २०१४ मध्ये घाईघाईने दुरुस्ती झाली. सगळ्या हंगामी परवानग्या रद्द, आणि पदार्थ सुरक्षित आहे हे दाखवायला प्राण्यांवरच्या चाचण्यांचा आधार घ्यायचा नाही. आता प्राण्यांवर न तपासता कुठल्याही नव्या रेणूची विषारीपणाची माहिती पुरी होत नाही, हे बारावी सायन्सवालाही सांगेल. म्हणजे दार उघडं ठेवलं आणि पायऱ्या काढून घेतल्या. पुढच्या दहा वर्षांत एकही पदार्थ मंजूर झाला नाही. कायदा मात्र अजून पुस्तकात आहे.

पण सिंथेटिक काही गेलं नाही. दुकानातून गल्लीत गेलं. २०१७ मध्ये तिथे एएमबी-फुबिनाका नावाचं अतिशय तीव्र रसायन पानांवर फवारून विकलं जायला लागलं, एका पुडीत थोडं तर दुसरीत माणूस जागीच कोसळेल इतकं. जेमतेम वर्षभरात चाळीसहून जास्त मृत्यू या मालाशी जोडलेले असावेत, असा तिथल्या कॉरोनरचा प्राथमिक अंदाज होता. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आत. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची त्याहून जास्त.

‘दूरदेशीचं काय सांगता’ म्हणणाऱ्यांसाठी घरचं सांगतो. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत तेच. देशी दारूची सरकारमान्य बाटली ही दुसरं तिसरं काही नसून हातभट्टीला दिलेला कायदेशीर पर्यायच आहे. तिने संसार बुडतात, यकृतं सडतात, सगळं मान्य. पण सीलबंद बाटलीत मिथेनॉल निघत नाही, कारण कुणीतरी ती तपासलेली असते. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, तेव्हा सरकारचं म्हणणं हेच होतं की बंदीत अवैध दारू फोफावली. मला तो निर्णय सगळाच पटला असं नाही. सरकारचा एक डोळा महसुलावर होता, आणि ज्या बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले त्यांचं ऐकायला दुसरा डोळा उरला नाही. म्हणून सांगतो, नशेचा पर्याय काढायचा तर त्यात नफा नको. ना कंपनीला, ना सरकारी तिजोरीला. नफा आला की गिऱ्हाईक वाढवावंसं वाटतंच.

आणि हा विचार इथे नवा नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. बाराशेच्या आसपास साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की भांग-गांजाच्या मर्यादित वापराने म्हणण्यासारखं नुकसान होत नाही, आणि सरसकट बंदी घातली तर लोक त्याहून वाईट नशेकडे वळतील. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही गांजा-चरस आले, पण भांगेची पानं व्याख्येच्या बाहेरच राहिली. महाशिवरात्रीला जे चालतं त्याला आपण ‘ड्रग्ज’ म्हणत नाही.

आजही सरकार स्वतः एक पर्याय देतंय. ब्राउन शुगर टोचून घेणाऱ्यांना एड्स नियंत्रण कार्यक्रमात बुप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. रोज केंद्रावर यायचं, नर्ससमोर जिभेखाली ठेवायची, विरघळली की कामावर जायचं. सुई सुटते, चोऱ्या सुटतात, माणूस मुळात जिवंत राहतो. गेली पंधरा वर्षं तरी हे चालू आहे, आणि त्यामुळे संस्कृती बुडाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

एमडीला मात्र अशी गोळी नाही. मेथ, कोकेन, एमडी, या उत्तेजक पदार्थांसाठी बुप्रेनॉर्फिनसारखं मान्यताप्राप्त औषध जगात कुठेच नाही. उद्या एखाद्या चांगल्या लॅबने म्हटलं, आम्ही कमी धोक्याचा रेणू शोधतो, हृदयावर ताण नाही, व्यसन लागायची शक्यता कमी, पाच वर्षं चाचण्या करतो, तर त्यांनी अर्ज कुठे करायचा? आपलं औषध नियंत्रण खातं विचारणार, कुठल्या आजारावर? आजार नाही म्हटलं की फाईल बंद. इंग्लंडमधले प्राध्यापक डेव्हिड नट दारूसारखा सैलपणा देणारा पण शरीर न जाळणारा रेणू शोधतायत. हे तेच नट, ज्यांना २००९ मध्ये तिथल्या सरकारने ड्रग्जवरच्या सल्लागार मंडळातून काढलं होतं, खरं बोलले म्हणून. आपल्याकडे असा माणूस नेमायच्या आधीच काढला असता.

माझी मागणी लहान आहे. न्यूझीलंडचा २०१३ चा कायदा घ्या, त्यातली हंगामी परवानगी फेकून द्या, चाचण्या खऱ्या करू द्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत एक ग्रॅमही विकू देऊ नका. दहा वर्षं लागली तर लागू देत. आणि तोवर न्यूझीलंडनेच २०२१ मध्ये कायम केलेली दुसरी गोष्ट करा. पुडी तपासून देणारी केंद्रं. नाव विचारायचं नाही, पोलिसांना कळवायचं नाही, आत काय आहे ते सांगायचं आणि धोका समजावायचा. आज आपल्याकडे हे कुणी केलं तर नमुना हातात घेणाराच एनडीपीएसमध्ये आत जाईल.

“म्हणजे पोरांना परवानाच की,” असं मला आमच्या कट्ट्यावर ऐकवलं गेलं. पोरं परवाना मागायला आलीच नव्हती. ती घेतायतच.

परवा तो मित्र भेटला. मुलगा आता त्याच्याबरोबर दुकानात बसतो, फार बोलत नाही. चहा पिता पिता मित्राने विचारलं, “ती पावडर तेव्हा तुझ्या लॅबमध्ये आणली असती, तर कळलं असतं का रे?”

मशीन होतं. अर्ध्या तासात कळलं असतं. पण त्याने आणली असती तर मी गेटवरूनच परत पाठवला असता.