त्रास झाला नाही, म्हणजे?

मुलाला ॲस्परॅजिनेज द्यायचे ठरले की आईवडिलांना धास्ती असते ती त्रासाची, आणि ती उगाच नसते. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातले हे अत्यावश्यक औषध म्हणजे ई. कोलाय या जिवाणूपासून मिळवलेले विकर, शरीराला परकेच. अंगावर गांधी उठतात, धाप लागते. स्वादुपिंडाला सूज आली तर पोटातल्या कळांनी पोर तळमळते.

रक्तातले ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल मोडून टाकणे एवढेच या विकराचे काम. निरोगी पेशी ते आम्ल स्वतः बनवतात. ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसे जमत नाही, म्हणून त्यांची उपासमार होते. जॉन किड यांनी 1953 मध्ये गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या गाठी विरताना पाहिल्या. त्यामागे हे विकर आहे, हे पुढच्या दशकात कळले. पण या उपासमारीची झळ यकृतालाही बसते. रक्त गोठवणारी प्रथिने घटतात, तशी गोठण्याला आवर घालणारीही. त्यामुळे एखाद्या मुलाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होते, तर दुसऱ्याला रक्तस्राव. गुण आणि विष इथे एकाच क्रियेतून येतात.

हे सारे डॉक्टरांना ठाऊक असते, त्यावर नजरही असते. नजर चुकते ती काहीच त्रास न झालेल्या मुलाच्या बाबतीत. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण कधीकधी शरीरातल्या प्रतिपिंडांनी औषध गुपचूप निकामी केलेले असते. ना पुरळ, ना ताप. ओळखायचे तर रक्तातली विकराची पातळीच मोजावी लागते, मिलिलिटरला 0.1 युनिटच्या खाली गेली की डोस वाया गेला असे समजायचे. मग एर्विनिया या जिवाणूचे विकर देता येते. हा जिवाणू एरवी झाडापाल्याला कुजवणारा, ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडे सहसा त्याच्या विकराला ओळखत नाहीत. ते मिळणे आणि परवडणे मात्र सोपे नाही.

शिवाय कुपीतच खोट असली तर? ब्राझील सरकारने चिनी बनावटीचे स्वस्त ॲस्परॅजिनेज आणले, तेव्हा 2017 मध्ये कॅम्पिनासच्या बोल्ड्रिनी केंद्रातल्या डॉक्टरांनी ते तपासून घेतले. त्यात नको त्या प्रथिनांची भेसळ निघाली. लंडनच्या ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमने 2023 मध्ये दाखवले, की कसोटीला न उतरलेले असे ब्रँड 90 हून अधिक देशांत गेले. त्यात भारतीय कंपन्यांचा मालही होता. जगाचे औषधालय म्हणून मिरवणाऱ्या आपल्याला याची लाज वाटायला हवी होती. चर्चासुद्धा धड झाली नाही.

निविदेत सर्वांत कमी दर बघणाऱ्यांनी प्रत्येक बॅचच्या क्रियाशीलतेचा स्वतंत्र प्रयोगशाळेतला दाखला मागावा. आणि सरकारी आरोग्य योजनांच्या पॅकेजमध्ये पातळी मोजण्याचा खर्च इंजेक्शनच्या किमतीसोबतच धरावा.