पाच बंदरे, पंचवीस तिकिटे

नॉर्वेच्या फिओर्डांची बोटसफर ठरली, आगाऊ पैसे भरून झाले, व्हिसाचे कागद मार्गी लागले, की घरात काही दिवस मोठी शांतता नांदते. मग एके दिवशी किनाऱ्यावरच्या सहलींची यादी हाती पडते आणि त्या शांततेचा भंग होतो. एकेका बंदरात दहा-दहा, पंधरा-पंधरा सहली! चिरंजीवांना कयाक वल्हवायची असते, कन्येला हिमनदी गाठायची असते, यजमान यादीच्या समासात पेन्सिलीने बेरजा मांडू लागतात; आणि आजी कोपऱ्यातून म्हणते, "तुम्ही सगळे जाऊन या रे. मी बसेन बोटीवरच. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!"

या शेवटच्या वाक्याकडे गृहिणीने नीट कान द्यावा. त्यात थोडे दुखरे गुडघे असतात, आणि बराचसा यादीतला आकडा असतो. मुलांनी इतक्या हौसेने एवढ्या लांब आणावे, आणि तिने सहा दिवस बोटीच्या बैठकखान्यात लोकर विणत बसावे, याला काही अर्थ नाही. उलट पक्षी, "चल गं, मजा येईल," म्हणून तिला चार तासांच्या चढावर ओढून नेणे हाही शहाणपणा नव्हे. म्हणून आमचे सांगणे असे की यादी वाचताना घरातले सर्वांत हळू पाऊल कोणाचे, ते आधी पाहावे आणि त्या पावलाने सहली निवडाव्यात. नॉर्वे देश यासाठी फार सोयीचा आहे. तेथल्या डोंगरांवर पायी चढून जायची वाट असते, तशी बसून जायचीही असते.

आता पहिली गोष्ट. फिओर्ड म्हणजे काय? हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खोल कोरून काढले. पुढे बर्फ वितळला आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला. सोग्नेफिओर्ड हा तेथला सर्वांत लांब. दोनशे किलोमीटरांहून अधिक आत गेलेला, आणि सर्वांत खोल जागी सुमारे १३०० मीटर खोल. त्यामुळे अगडबंब बोटसुद्धा डोंगरांच्या कुशीत थेट आत जाते. याचा अर्थ असा की ज्यासाठी आपण आलो ते दृश्य भाड्यातच आले! गैरांगरच्या फिओर्डात बोट बहुधा सकाळी लवकर शिरते. पंधरा किलोमीटरांची ती वाट, वाटेत 'सात बहिणी' नावाचा सात धारांचा धबधबा, समोरच्या कड्यावरून कोसळणारा त्यांचा 'मागणीदार', आणि कड्यांच्या कपारीत टांगल्यासारखी दिसणारी, आता ओस पडलेली शेतघरे. हे सारे डेकवरून दिसते. आणि नेमक्या त्याच वेळी निम्मे प्रवासी केबिनमध्ये घोरत असतात! तेव्हा घड्याळाला गजर लावावा, आजीला शाल-स्वेटर घालून डेकवर खुर्ची मिळवून द्यावी, हाती चहाचा पेला द्यावा. पहिली सहल झाली, तीही बिनपैशाची.

मग पैसे कशासाठी मोजावेत? जे डेकवरून मिळत नाही त्यासाठी. अशा गोष्टी दोनच: उंची आणि जवळीक. फिओर्ड खालून पाहिला, आता वरून पाहायचा. बर्फ लांबून पाहिला, आता जवळ जाऊन पाहायचा. यादीतल्या प्रत्येक सहलीला हा प्रश्न विचारावा. गैरांगरमध्ये उतरून दुसऱ्या छोट्या बोटीत बसायचे आणि सकाळी पाहिलेलाच फिओर्ड पुन्हा पाहायचा, अशीही सहल यादीत असते. ती प्रथम खोडावी. वेगाने उसळत जाणाऱ्या रबरी बोटीची सहल कंबरदुखीवाल्यांनी तर विचारातही घेऊ नये. याला अपवाद फ्लोमचा. तेथून नॅरॉयफिओर्डात छोटी बोट जाते. हा फाटा सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे. आपली मोठी बोट बहुधा त्यात शिरतच नाही. गैरांगर आणि नॅरॉय हे दोन्ही फिओर्ड २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले.

फ्लोमला मात्र आमची पहिली शिफारस आगगाडीची. धक्क्यापासून चार पावलांवर स्टेशन. वीस किलोमीटरांच्या वाटेत गाडी समुद्रसपाटीपासून ८६० मीटरांहून अधिक उंचावरच्या म्यूरदालला जाते. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तर कर्जतला गाडीला मागून एंजिने जोडतात. येथे बहुतेक वाटेवर १८ फुटांना एक फूट चढ! वीस बोगदे, त्यांतले अठरा माणसांनी हातांनी खोदलेले. काम १९२०च्या दशकात सुरू झाले आणि १९४० साली गाडी धावू लागली. उन्हाळ्यात गाडी वाटेत एका धबधब्यापाशी थांबते, तेव्हा उतरून तुषार अंगावर घ्यावेत. जाऊन-येऊन सुमारे दोन तास. आजीला पायरी चढण्यापलीकडे काही कष्ट नाहीत. या गाडीची तिकिटे मोसमात लवकर संपतात, म्हणून ती बोटीकडून घ्या वा स्वतः काढा, पण आधी काढा. आणि तिकिटाचा रुपयांतला आकडा आजीला सांगू नका. तिने विचारलाच, तर "भाड्यातच आलं सगळं" म्हणावे. एवढे खोटे खपते.

गैरांगरला उंची हवी असेल तर डाल्स्निब्बाची बस. सुमारे १५०० मीटर उंचीपर्यंत रस्ता जातो आणि वरून फिओर्ड पायघड्यांसारखा खाली दिसतो. रस्ता घाटाचा, वळणांवर वळणे. ज्यांना बस लागते त्यांनी आल्याची वडी जवळ ठेवावी. वर जुलैतही गारठा असतो. घरातल्या तरुणांना हे बसून जाणे मिळमिळीत वाटत असेल, तर गावातच धबधब्याकाठाने ३२७ पायऱ्यांची वाट आहे. तिला तिकीट नाही. एकाच बंदरात घराचे दोन भाग पडले म्हणून काही बिघडत नाही. संध्याकाळी जेवताना दोन्हीकडच्या हकिकती ऐकायला मिळतात.

ओल्डेनला जवळिकीचा लाभ आहे. ब्रिक्सडालची हिमनदी ही युस्तेदाल हिमनदीची एक शाखा, आणि युस्तेदाल ही युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी. बस पायथ्याशी सोडते. पुढे पायी जाता येते, किंवा 'ट्रोल' नावाच्या उघड्या मोटारींत बसून बराचसा चढ वाचवता येतो. मात्र शेवटचा तुकडा पायीच. तो सावकाश चालावा. येथे एक सांगितलेले बरे: गेल्या पंचवीस वर्षांत ही हिमनदी पुष्कळ मागे सरली आहे. जुन्या चित्रांत ती तळ्यापर्यंत उतरलेली दिसते, आज वर कड्याला लटकलेली दिसते. ज्यांना एवढेही चालणे नको, त्यांच्यासाठी जवळच्या लोएन गावी २०१७ साली झालेला रोपवे आहे. पाच-सहा मिनिटांत तो समुद्रकाठावरून हजार मीटरांवर नेतो. पण आभाळ भरलेले असेल तर वर ढगाखेरीज काही दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बर्गेनला बोटीकडून काहीच विकत घेऊ नये, असे आमचे मत. ब्रिग्गेनची रंगीत लाकडी घरे, जेथे जर्मन व्यापाऱ्यांनी कित्येक शतके सुकटीचा व्यापार केला, ती बंदराच्या कडेलाच आहेत. १९७९ पासून तीही युनेस्कोच्या यादीत आहेत. तेथून थोड्याच अंतरावर फ्लोयेनच्या टेकडीवर जाणारी, दोराने ओढली जाणारी गाडी आहे. १९१८ सालापासून ती लोकांना ३२० मीटर उंचीवर नेत आहे, आणि पोचवायला आठ मिनिटेसुद्धा घेत नाही. तिकीट आधी काढले की रांग टळते. छत्री मात्र हवीच. मुंबईत चार महिन्यांत जेवढा पाऊस कोसळतो, जवळजवळ तेवढाच बर्गेनमध्ये बारा महिने रिमझिमत राहतो.

ओलेसुंदही असेच पायी पाहण्याचे गाव. १९०४च्या जानेवारीत ते एका रात्रीत जळून गेले, आणि तीन-चार वर्षांत मनोरे, नक्षी, वेलबुट्ट्यांसह दगडा-विटांचे नवे गाव उभे राहिले. तेथल्या टेकडीला ४१८ पायऱ्या आहेत. पण वर जाणारा रस्ताही आहे, आजीला टॅक्सीने नेता येते. आपल्या बोटीच्या वाटेवर ओलेसुंदऐवजी स्टावांगर असेल, तर धक्क्यालगतची जुनी पांढरी घरे पाहत हिंडावे. तेथून प्रेकेस्तोलेन या प्रसिद्ध कड्यावर जायचे, तर जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चार-पाच तासांची डोंगरचाल. ६०४ मीटर उंचीचा तो कडा रोज चालणाऱ्यांनीच गाठावा. "बोटीतून कडा पाहा" या सहलीत तो खालून दिसतो, आणि खालून पाहता त्याचे माथ्यावरचे पटांगण कळत नाही.

आता बोटीची सहल घ्यावी की स्वतःची करावी, याचा एक साधा नियम. बोटीने विकलेल्या सहलीची बस घाटात अडकली, तर बोट आपल्या माणसांसाठी थांबते. आपण स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी ती थांबत नाही. म्हणून जेथे बसचा लांबचा पल्ला आहे तेथे बोटीची सहल घ्यावी. जेथे बोटीचे धुराडे दिसत राहील एवढ्यातच हिंडायचे आहे, तेथे आपली आपण. बोटीचे घड्याळ आणि गावचे घड्याळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो, तोही उतरताना विचारून घ्यावा. जेथे धक्का नाही, तेथे लाँचमधून किनाऱ्यावर नेतात. तेथे पायरी उतरताना आजीचा हात एकाने पुढून, एकाने मागून धरावा. नॉर्वेत नोटा बदलून घेण्याची यातायात मात्र नको; कॉफीच्या कपालाही कार्ड चालते.

पाच माणसांच्या कुटुंबाची एकदा बेरीज मांडून पाहू. पाच बंदरे आणि पाच माणसे म्हणजे पंचवीस तिकिटे. त्याऐवजी फ्लोमची पाच, ओल्डेनची पाच, गैरांगरच्या बसची तीन, आणि मुले पायऱ्यांवर. झाली तेरा. बर्गेनच्या टेकडीची पाच किरकोळ तिकिटे निराळी, आणि ओलेसुंदला शून्य. एक बंदर असे मोकळे ठेवावेच. सतत हिंडून माणसे चिडचिडी होतात, आणि मग परदेशातल्या देखण्या धक्क्यावर आपले घरगुती भांडण रंगते.

फिओर्डांचा मोसम साधारण मे ते सप्टेंबर. म्हणजे पुढल्या उन्हाळ्यात जायचे असेल, तर यादी घेऊन बसण्याची वेळ हीच. त्यासाठी भाऊबीजेची दुपार बरी. घरची सगळी माणसे तेव्हा हाताशी असतात, आणि कोणाचे गुडघे कितपत साथ देतील, हे फराळाच्या ताटावरून उठताना आपोआपच दिसून येते.