मडके कोणाच्या पैशाचे?

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. ज्यांच्यावर ठपका होता त्या राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त सांगितला, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. शास्त्रीबुवा एवढ्यावर थांबले नाहीत. दादा कारभारावर असेतो पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते न्यायाधीशपदावर पाणी सोडून वाईकडे निघून गेले. ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर दादा तनखा घेऊन कोपरगावी येऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. तरीही दादांचे नाव निघाले की तो निवाडा आठवतो, कारण निवाडा देणाऱ्याने त्याची किंमत स्वतः मोजली होती.

इस्राएलचे संदेष्टे असेच कृतीतून निवाडे देत. यिर्मयाने कुंभाराकडून मातीचे मडके विकत घेतले, वडीलधाऱ्यांना साक्षीला नेले आणि बेन-हिन्नोमच्या खोऱ्यात त्यांच्यादेखत ते फोडले. हे नगर असेच फुटेल आणि पुन्हा सांधता येणार नाही, हा त्याचा अर्थ. त्याबद्दल मंदिराचा अधिकारी पशहूर याने त्याला मारले आणि खोड्यात अडकवले. पुढे त्याने मानेवर जू घेतले. बाबेलपुढे मान तुकवा, नाहीतर नाश होईल, हे त्याला सांगायचे होते. तेव्हा हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते जू ओढून मोडले आणि दोन वर्षांत सुटका होईल असे जाहीर केले. लोकांना गोड वाटावे असेच ते बोलणे होते. पण मोडलेले जू दुसऱ्याचे होते, आणि भाकीतही खोटे ठरले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले.

दादांच्या त्या कोपरगावहून गोदावरी खाली पुणतांब्याला जाते. तिथल्या शेतकऱ्यांनी पुकारलेला संप १ जून २०१७ रोजी सुरू झाला आणि राज्यभर दूध-भाजीपाला रस्त्यावर आला. त्याच महिन्यात सरकारला सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. ज्याने आपल्या गोठ्यातले दूध ओतले, तो यिर्मयाच्या जातकुळीचा. त्या दिवसाची कमाई त्याच्याच घरातून गेली होती. पण ज्यांनी वाटेत टँकर अडवून दुसऱ्याचे दूध सांडले, त्यांनी हनन्याचे काम केले. रस्त्यावरून वाहणारे दूध दोन्हीकडे सारखेच पांढरे; निवाडा मात्र एकाच ठिकाणी होता.

आता चौकाचौकात पुतळे जळतात, फोटोंना जोडे बसतात, तिरड्या निघतात. पुतळा गवताचा, फोटो छापील आणि जोडा परत पायात. कॅमेरा बंद झाला की मंडळी चहाला मोकळी. विरोधात असताना तिरडी काढणारे सत्तेत आले की तोच अन्याय फाइलीत बांधून ठेवतात, हेही आपण पाहिले आहे. अशा आंदोलनाची बातमी वाचताना वाचकाने एवढेच विचारावे: यात आंदोलकाचे स्वतःचे काय गेले? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो निवाडा नव्हे, तमाशा. आणि त्याला पानाचा कोपरा देण्याचीही गरज नाही.