रोरिकांची मालाडकर सून

मालाड पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ एवढं सांगितलं की पुरतं. आत गाळे आहेत, यंत्रांची घरघर आहे, माल उतरवणारे टेम्पो आहेत. निर्माते हिमांशु राय आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री देविका राणी यांनी १९३४ साली एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात इथे स्टुडिओ उभा केला. ‘अछूत कन्या’ इथला, ‘किस्मत’ इथला, आपल्या लीला चिटणीसांचा ‘कंगन’ही इथलाच. पण क्रांतीनंतर देशाला मुकलेल्या एका रशियन घराण्याची सून याच आवारातून गेली, हे मालाडमध्ये फारसं कुणी सांगत नाही.

निकोलाय रोरिक हे पीटर्सबर्गचे नामांकित चित्रकार. पत्नी येलेना ही नेपोलियनशी लढलेल्या सेनापती कुतुझोव्हच्या नात्यातली. रोरिकांच्या छातीच्या दुखण्यामुळे कुटुंब फिनलंडच्या बाजूला राहायला गेलं होतं. तेवढ्यात क्रांती झाली, सीमा बंद झाली आणि घरदार पलीकडे राहिलं. लंडन, न्यूयॉर्क करत ही मंडळी १९२३च्या डिसेंबरात मुंबईत उतरली आणि पुढे कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थिरावली. धाकटे चिरंजीव स्वेतोस्लाव हेही चित्रकार. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातलं नेहरूंचं चित्र त्यांच्याच हातचं.

१९४० साली हिमांशु राय गेले. नंतर देविका राणींनी स्टुडिओ चालवला, दिलीपकुमारना पहिली संधी दिली, गटबाजी सोसली. एक मोठा गट बाहेर पडला आणि त्याने गोरेगावात फिल्मिस्तान काढलं. १९४५ साली देविका राणींनी सिनेमा सोडला, स्वेतोस्लावशी लग्न केलं आणि त्या नग्गरला गेल्या. त्यांनी स्वेतोस्लावना लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. किश्वर देसाई यांनी लिहिलेल्या देविका राणींच्या चरित्राला त्यांचाच आधार आहे. पडद्यावर न दिसलेली देविका राणी त्या पत्रांत भेटते. माझ्या मते सगळ्या ठेव्यात मोलाची ती पत्रंच.

नग्गरचं घर आजही नीट राखलेलं आहे. वरच्या खोल्यांत कुणाला सोडत नाहीत. व्हरांड्यातून फिरायचं आणि काचेला नाक लावून आत पाहायचं: मेज, पुस्तकं, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी खुर्ची. खाली जुनी मोटार उभी आहे. उतारावर निकोलाय रोरिकांची स्मृतिशिळा आहे आणि तिच्यावरचा लेख हिंदीत कोरलेला आहे. परक्या देशात आलेल्या घराण्याला याहून आपुलकीने कुणी ठेवून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

बंगळुरूजवळच्या तातगुणीच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. साडेचारशे एकरांहून मोठ्या त्या मळ्यावर स्वेतोस्लाव आणि देविका राणी यांचं पुढचं आयुष्य गेलं. १९९३ साली स्वेतोस्लाव गेले, १९९४ साली देविका राणी. मूलबाळ नव्हतं. मालकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागायला २०११ उजाडलं. आईवडिलांची चित्रं आणि कागदपत्रांचा मोठा भाग स्वेतोस्लावनी १९९०च्या सुमारास हयातीतच मॉस्कोला दिला होता. तो शहाणपणाचा निर्णय ठरला.

आणि मालाड? इथल्या दिवसांचे उत्तम फोटो टिकले ते एका जर्मन घराने जपले म्हणून. कॅमेरामन योसेफ विरशिंग यांना महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी स्थानबद्ध केलं. सुटल्यावर ते जर्मनीला परतले नाहीत. ‘महल’ आणि ‘पाकीजा’चं छायाचित्रण त्यांचंच. त्यांनी टिपलेली स्टुडिओतली दृश्यं वारसांनी सांभाळली आणि २०१७ साली पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात लोकांना पाहायला मिळाली. प्रदर्शन पणजीत झालं याचा आनंद आहे, मालाडला झालं नाही याचं वाईट वाटतं.

मालाड, कांदिवली, गोरेगावात आजही अशी घरं असतील, ज्यांचे आजोबा त्या स्टुडिओत सुतार होते, रंगारी होते, दिवे सांभाळत होते. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादा गट-फोटो, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पास असेल. पुनर्विकासात घर रिकामं करताना ती ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा, साल आठवत असेल तर तेही लिहा. महापालिकेने कंपाउंडच्या तोंडाशी एक फलक लावावा आणि वॉर्डातल्या एखाद्या वाचनालयात या फोटोंसाठी एक कपाट द्यावं, एवढीच मागणी आहे. नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी व्हायला हवं.