दहा मार्चची शेजारीण

वर्तमानपत्रातलं दिनविशेष वाचायची मला जुनी खोड आहे. १० मार्चला तिथे हमखास टेलिफोन असतो. १८७६ साली ग्रॅहॅम बेलने शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेवरून हाक मारली, तो हा दिवस. त्याखाली निधनं. सावित्रीबाई फुले, १८९७. कुसुमाग्रज, १९९९.

पंचांग उघडलं तर हा योग मोडतो. एक तिथी शुक्ल पक्षातली, दुसरी कृष्ण पक्षातली. त्यामुळे यात दैवी संकेत शोधायला मी जाणार नाही. पण इंग्रजी तारखेने दोघांना शेजारी बसवलंच आहे, तर जरा एकत्र बघायला काय हरकत आहे?

दोघंही कवी. सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४चं, कुसुमाग्रजांचं ‘विशाखा’ १९४२चं. ‘विशाखा’ कपाटात असलेल्या किती घरांत ‘काव्यफुले’ सापडेल? पहिली शिक्षिका म्हणून बाईंची तसबीर लावली आणि त्यांची कविता मात्र वाचायचीच राहिली.

खरी गाठ पडते ती आमच्या पंचवटीत. फुले दांपत्याने १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याला बासष्ट वर्षं होऊन गेली, तरी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही काळारामाशी पोचले, तेव्हा देवळाचे दरवाजे बंदच होते. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. १९३२ मध्ये त्यात विशीतले शिरवाडकरही, म्हणजे आपले कुसुमाग्रजही, उतरले. ‘विशाखा’ यायला अजून दहा वर्षं होती. पुढचं ज्ञानपीठ वगैरे सगळ्यांना पाठ असतं. हे तेवढं भाषणांतून गळतं.

आणि दहा मार्चला सावित्रीबाई गेल्या त्या प्लेगने. आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंताच्या, दवाखान्यात गेल्या आणि लागण त्यांनाच झाली.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, नाशकात कार्यक्रमांची नुसती झुंबड असते. दोन आठवडेही होत नाहीत तोवर १० मार्च येतो, तेव्हा सगळे दमलेले. माझं म्हणणं, त्या संध्याकाळी काळारामाच्या पूर्व दरवाजाशी दोघांच्या कविता लागोपाठ वाचाव्यात. आधी बाईंच्या. शाल-श्रीफळ नको, दीपप्रज्वलन नको, अध्यक्षही नको. शेवटची अट नाशिकला झेपेल का, याची मात्र मला दाट शंका आहे.